मैतर, मितान आणि महाप्रसाद

श्रोतेहो, कुरखेड्याच्या आठवडी बाजारात एकदा पिशवी बाजूला ठेवा आणि नुसते कान उघडे ठेवून उभे राहा. कोणी हाक मारील, "काय गा मैतर!" कोणी "गड्या" म्हणेल. तरणी पोरे "दोस्त" नि "यार" म्हणून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतील. कोरचीच्या बाजूने, छत्तीसगडच्या शिवेवरून आलेला एखादा म्हातारा मात्र "मितान" म्हणेल, किंवा आपल्या वयाच्या माणसाला चक्क "महाप्रसाद" म्हणून हाक मारील. तुम्हाला वाटेल, देवळातली गोष्ट चालली आहे. तसे नाही. तो आपल्या मित्राशी बोलतो आहे.

एकाच बाजारात मित्राला इतके शब्द, आणि प्रत्येक शब्द निराळ्या वाटेने इथवर आलेला. त्या वाटांनी आज आपण थोडे चालून पाहू.

आधी "मैतर" घेऊ, कारण गुरुजींची लाल शाई याच शब्दावर फार पडते. पोराने निबंधात "माझा मैतर" लिहिले की खाली रेघ ओढली जाते, नि वर "मित्र" असे शुद्ध करून दिले जाते. पण पाहा, मंत्राचे मंतर झाले, तंत्राचे तंतर झाले, तसेच मैत्राचे मैतर झाले. बोलणाऱ्याची जीभ जोडाक्षर फोडून मोकळे करते. त्यात गबाळेपणा नाही, नियम आहे. आणि "मैत्र" हा शब्द तर ज्ञानदेवांनी पसायदानात घातलेला आहे, १२९० साली. बोलीत तो आपल्या पोरांपर्यंत चालत आला. वहीत "मित्र" लिहायला शिकवावे, जरूर शिकवावे. पण "मैतर" चुकीचा म्हणून नव्हे.

मूळ "मित्र" शब्दाची तर मौजच आहे. संस्कृतात मित्र पुल्लिंगी असला की सूर्य, आणि दोस्त या अर्थाने तो नपुंसकलिंगी, "ते मित्र". वेदांत मित्र ही देवता आहे, आणि तिचे काम वचन पाळवून घेणे. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय येथे मातीच्या विटांवर लिहिलेला एक तह सापडला आहे. इसवी सनापूर्वी १४ व्या शतकात हित्ती आणि मितान्नी या दोन राजसत्तांमध्ये तो झाला. त्यात साक्षीला ज्या देवता बोलावल्या आहेत त्यांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. प्राचीन इराणी भाषेत "मिथ्र" या शब्दाचा अर्थच करार. म्हणजे मित्र हा आधी करार. गोडी मागून आली. तोच शब्द पुढे फारसीत "मेहेर" झाला, माया या अर्थाने. आपण अर्ज लिहिताना "मेहेरबान साहेब" लिहितो, कोर्टाला "मे. कोर्ट" म्हणतो. तेव्हा साहेबाला आपण नकळत मित्राच्याच गोतात बसवतो. साहेबाला ते ठाऊक असते की नाही, कोण जाणे!

"दोस्त" फारसीतून आला हे सर्वांना माहीत आहे. पण तोही अगदी परका नव्हे. संस्कृतातला "जुष्", म्हणजे आवडणे, हा धातू आणि फारसी दोस्त हे एकाच मुळाचे. "यार" मात्र मराठीत येऊन जरा बिघडला. फारसीत तो साथी, मदतनीस. आपल्याकडे पुरुषाने पुरुषाला यार म्हटले तर ठीक. बाईच्या संदर्भात कोणी हा शब्द काढला की चावडीवर कुजबुज सुरू होते. शब्द तोच, पण बाईला नि पुरुषाला वेगळ्या मापाने तोलणाऱ्या समाजाने त्याचे वजन बदलले.

"गडी" आणि "भिडू" हे खेळातले शब्द. आट्यापाट्यांना गडी वाटून घेतात. जो आपल्या बाजूने भिडतो तो भिडू. मुंबईच्या गल्लीत त्याची नुसती हाक झाली, तिथून तो सिनेमात गेला, आणि २०२४ च्या मे महिन्यात तर नट जॅकी श्रॉफ यांनी आपल्या नावाचा, आवाजाचा आणि "भिडू" या शब्दाचा परवानगीवाचून वापर होऊ नये म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. पोरांच्या खेळातला शब्द कुठवर जाऊन पोहोचला पाहा.

मघाच्या हाकेतला "गा" विसरू नका. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा तो ऐकून गालात हसतो. पण ज्ञानेश्वरीत हा "गा" जागोजाग आहे, महानुभावांच्या लीळाचरित्रातही आहे. तिकडच्या बोलण्यातून गेला, झाडीने आणि वऱ्हाडाने ठेवला. दूर दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. तिथे लोक स्पॅनिश बोलतात आणि बोलताना वाक्यावाक्याला "चे" घालतात, आपल्या "गा"सारखाच. एर्नेस्तो गेव्हारा नावाचा तिथला तरुण डॉक्टर क्यूबाच्या क्रांतिकारकांना जाऊन मिळाला. त्याच्या तोंडी सारखा हा शब्द ऐकून त्या मंडळींनी त्याचे नावच "चे" पाडले. साऱ्या जगात तो त्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडचा एखादा माणूस "गा" या नावाने जगप्रसिद्ध व्हावा, तसेच हे झाले!

आता मितानाकडे येऊ. माझ्या मते या साऱ्या शब्दांत अधिक मोलाचा हाच.

मितान हा नुसता आवडता सोबती नव्हे. मितान "बदतात", म्हणजे विधी करून जोडतात. दोन माणसे चार लोकांसमक्ष एखादी पवित्र वस्तू एकमेकांना देतात. ती वस्तू गंगेचे पाणी असेल तर त्या दिवसापासून दोघे एकमेकांचे "गंगाजल". तुळशीची पाने असतील तर "तुलसीदल". बायका नि मुली श्रावणात टोपलीत गव्हाचे रोप उगवतात, त्याला भोजली म्हणतात. राखीनंतर ते शिरवतात आणि त्याचे तुरे एकमेकींच्या कानावर खोचून "भोजली" होतात. नवरात्रातल्या रोपांवरून "जंवारा" होतात. आणि जगन्नाथपुरीच्या प्रसादाचा वाळवलेला भात कोणी यात्रेकरूने आणला असेल, तर त्याचे दाणे एकमेकांना देऊन दोघे "महाप्रसाद" होतात.

एकदा हे झाले की मित्राचे नाव घ्यायचे नाही. जन्मभर नाही. हाक मारायची ती त्या वस्तूच्याच नावाने. मितानाचे आईबाप ते आपले आईबाप, त्याची लेकरे ती आपल्या लेकरांची भावंडे. त्याच्या घरी बारसे असो की मयत, मितानाला जागा ठरलेली. आपल्याकडे मानलेला भाऊ नि मानलेली बहीण असते, ते याच्या जवळचे आहे. पण तिथे जुने नाव राहते. इथे नावच बदलते.

जगन्नाथाचाच भात का, हे समजून घेण्यासारखे आहे. पुरीच्या देवळात महाप्रसादाला विटाळ नाही. तो कोणत्याही जातीच्या माणसाने कोणाच्याही पंगतीला बसून खावा, अशी तिथली रीत. पंक्तिभेदाने जखडलेल्या मुलखात लोकांनी नेमका तोच भात मैत्रीसाठी निवडला. आणि खरोखरच हे नाते जात ओलांडून जोडले जात असे. गोंडाचा मितान तेली असे, हलब्याचा मितान कुणबी असे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यातही या महाप्रसादाची नोंद आहे. यात फार गोड चित्र मात्र रंगवू नये. मितानामुळे जातीची भिंत पडली नाही. लग्ने जातीतच होत राहिली. भिंतीला एक दार मात्र पडले.

त्या दाराचा उपयोगही होता. जंगलचा मुलूख, गावे तुटक, वाट पायी किंवा बैलबंडीची. परगावी जावे तर उतरायचे कुठे? स्वतःच्या जातीचे घर तिथे असेलच असे नाही. मितान असला की रात्रीचा आसरा झाला, आजारपणात सोबत झाली, अडीनडीला बी-बियाणे झाले. गोंड समाजात कोणत्या देवांच्या कुळाशी सोयरीक होते आणि कोणते कूळ भावकीत मोडते, हे जन्माबरोबरच ठरते. मितान तेवढा माणूस स्वतः निवडतो, किंवा त्याचे आईबाप लहानपणी निवडून देतात.

असे आपल्याकडेच आहे असे नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या ख्रिस्ती देशांत मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी एक धर्मपिता उभा राहतो. तो आणि मुलाचा खरा बाप हे त्या दिवसापासून एकमेकांचे "कोम्पाद्रे", म्हणजे सहपिते. मेक्सिकोत नि पेरूत खेड्यातली माणसे या नात्यावर शेती केली, कर्ज काढली, भांडणे मिटवली. पुढे शब्द इतका सैल झाला की रस्त्यात भेटलेल्या कोणालाही कोम्पाद्रे म्हणू लागले. मेक्सिकोतलाच आणखी एक शब्द "क्वाते". तो तिथल्या मूळ रहिवाशांच्या नावात्ल भाषेतला. अर्थ जुळा भाऊ. राज्यकर्त्यांची स्पॅनिश भाषा लोकांनी उचलली, पण मित्राला हाक मारायची वेळ आली तेव्हा आजोबांचाच शब्द तोंडी आला.

आपल्याकडे उलटा धोका आहे. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत चांदा जिल्हा आणि छत्तीसगड एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्ये रेघ पडली. इकडे मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तिकडे मध्यप्रदेश, २००० पासून छत्तीसगड. मितान रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिले. शाळा मात्र दोन झाल्या, इकडे मराठी आणि तिकडे हिंदी. इकडच्या शाळेला मितान हा शब्द हिंदीचा वाटतो, आणि पुस्तकी हिंदीला तो गावंढळ वाटतो. घरच्या माणसाला दोन्ही दारांत उभे राहायला लागावे, तशी त्याची गत.

छत्तीसगडात मात्र त्याला नवे काम मिळाले. २००२ मध्ये तिथल्या सरकारने पाड्यापाड्यातून एकेक बाई निवडून तिला आरोग्याचे शिक्षण देण्याची योजना सुरू केली. नाव काय द्यावे? "मितानिन". आज अशा ६० हजारांहून अधिक मितानिनी आहेत. २००५ मध्ये देशभर आशा योजना आली, तिच्यामागे या मितानिनींचा अनुभव होता. कोरचीच्या अलीकडे जी आशाताई, तीच पलीकडे मितानिन दीदी. काम एकच. पण "आशा" हे इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून जुळवलेले. मितानिन म्हटले की तापाने फणफणलेल्या लेकराची आई मध्यरात्री दार ठोठावताना संकोच करीत नाही, कारण त्या नात्यात दार उघडणे आलेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या एकाच वर्गात झाडीबोली, गोंडी, हलबी आणि छत्तीसगढी बोलणारी पोरे शेजारी शेजारी बसतात. मोल्सवर्थच्या कोशात झाडीचे शब्द फारसे आले नाहीत; झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांना अलीकडे वेगळे श्रम घ्यावे लागले. तेव्हा एखाद्या शनिवारी पोरांना सांगा, घरी मित्राला नि मैत्रिणीला काय म्हणतात ते आजी-आजोबांना विचारून या. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवा. आजोबांना त्यांच्या मितानाचे नाव विचारू नये. ते सांगणार नाहीत, आणि आग्रह केला तर त्यांना वाईट वाटेल. नाते कशाचे, गंगाजलाचे, भोजलीचे की महाप्रसादाचे, एवढे विचारावे. कोणत्या गावी जोडले नि तेव्हा वय काय होते, तेही विचारावे. नाव हवेच असेल तर ते आजी सांगेल.