तळटीप : माणगावचे नाईक
७. ‘माणगावचे नाईक’ म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील यशवंत घाडगे (जन्म १९२१), पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतील बाकी सारे शिपाई मशीनगनच्या माऱ्याने मृत वा जायबंदी झाले असता, हे एकटेच त्या मोर्च्यावर तुटून पडले, आणि टॉमीगनमध्ये नव्या गोळ्या भरण्यास उसंत नसल्याने तीच नळीकडून धरून अखेरच्या दोघा शत्रूंना त्यांनी लोळविले. परंतु आडून झाडलेल्या गोळ्या छातीत व पाठीत लागून जिंकलेल्या ठाण्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे २२. लढाई परक्या साम्राज्याची होती, एवढ्यावरून या शौर्याचे विस्मरण व्हावे, हे सर्वथा अनुचित होय. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाव इटलीतील कासिनो स्मारकावर कोरलेले असून पुतळा माणगावास आहे.