भाजीपाला पिकांसाठी हिरवळीचे खत

शेतात वाढविलेले पीक काढणी न करता हिरवे असतानाच जमिनीत गाडून तयार होणाऱ्या सेंद्रिय खतास हिरवळीचे खत असे म्हणतात. दोन मुख्य पिकांच्या मधल्या काळात जमीन झाकून ठेवण्यासाठी घेतलेल्या पिकास आच्छादन पीक म्हणतात. असे पीक पुढे गाडले की ते हिरवळीचे खत ठरते. भाजीपाल्याच्या शेतीत या पिकांचा प्रमुख उपयोग पुढील पिकास नत्र पुरविणे हा आहे. किती नत्र मिळेल हे पिकाच्या जातीइतकेच ते गाडण्याच्या वेळेवर अवलंबून असते.

== नत्र स्थिरीकरण ==

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असला तरी वनस्पतींना तो वायुरूपात घेता येत नाही. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात आणि मोबदल्यात वनस्पतीकडून शर्करा घेतात. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेलरीगेल आणि हेर्मान विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये या गाठींचे कार्य स्पष्ट केले. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १८८८ मध्ये गाठींतील जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

कार्यक्षम गाठ कापल्यास आतून गुलाबी किंवा लालसर दिसते. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. गाठी आतून पांढऱ्या किंवा हिरवट असल्यास स्थिरीकरण होत नसल्याचे समजते. जमिनीत योग्य जिवाणू नसल्यास बियाण्यास रायझोबियम संवर्धकाची बीजप्रक्रिया करतात. स्फुरद आणि मॉलिब्डेनम यांची कमतरता असल्यासही स्थिरीकरण मंदावते. जमिनीत आधीच भरपूर नत्र असेल, तर पीक प्रथम तेच वापरते आणि हवेतील नत्र कमी घेते.

== प्रमुख पिके ==

* '''ताग''' : जलद वाढणारे पीक. पाणी साचलेले सहन होत नाही. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या कमी करण्यास मदत करते, म्हणून टोमॅटो व वांगी यांच्यापूर्वी उपयुक्त.
* '''धैंचा''' : पाणथळ तसेच क्षारयुक्त व चोपण जमिनीत तग धरतो.
* '''चवळी, मूग, उडीद''' : शेंगा तोडून उरलेला पाला गाडता येतो, मात्र शेंगांबरोबर बराच नत्र शेताबाहेर जातो. चवळीचे अनेक वाण सूत्रकृमींना बळी पडतात.
* '''बरसीम''' : हिवाळ्यात वाढणारे चाऱ्याचे पीक, उत्तर भारतात अधिक प्रचलित.

राय, ओट, ज्वारी यांसारखी तृणवर्गीय पिके हवेतील नत्र स्थिर करीत नाहीत. मात्र पाण्याबरोबर खोल झिरपून जाणारे नायट्रेट ती शोषून धरतात. त्यामुळे अनेक ठिकाणी तृणवर्गीय आणि शेंगवर्गीय पिकांचे मिश्रण पेरले जाते.

== गाडण्याची वेळ ==

गाडलेल्या पिकातील नत्र सूक्ष्मजीवांनी ते कुजविल्यावरच मुक्त होतो. कुजण्याचा वेग प्रामुख्याने कर्ब-नत्र गुणोत्तरावर ठरतो. हे गुणोत्तर साधारणतः २० पेक्षा कमी असल्यास नत्र लवकर मोकळा होतो. ते ३० च्या पुढे गेल्यास कुजविणारे सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतील नत्र ओढून घेतात आणि नव्याने लावलेली रोपे पिवळी पडतात. कोवळे शेंगवर्गीय पीक पहिल्या प्रकारात, तर पक्व झालेले राय दुसऱ्या प्रकारात मोडते.

म्हणून ताग आणि धैंचा फुलोऱ्याच्या सुरुवातीस, पेरणीनंतर सुमारे ६ ते ८ आठवड्यांनी गाडतात. त्यानंतर खोडे तंतुमय होऊन कुजण्यास वेळ लागतो. गाडताना जमिनीत पुरेशी ओल असावी लागते. ताजा पाला कुजत असताना रोपे कोलमडण्याचा रोग बळावू शकतो, त्यामुळे गाडणी आणि पुनर्लागवड यांत २ ते ३ आठवड्यांचे अंतर ठेवले जाते. हे अंतर फार वाढविणेही हिताचे नसते. भर पावसाळ्यात गाडलेल्या पिकातून मुक्त झालेले नायट्रेट, शेत रिकामे राहिल्यास, रोपांच्या मुळांना मिळण्यापूर्वीच निचऱ्याबरोबर वाहून जाते.

== नत्राचा अंदाज ==

शेतातील एक चौरस मीटर जागेतील पीक कापून वजन केल्यास उपलब्ध होणाऱ्या नत्राचा ढोबळ अंदाज करता येतो. उदाहरणार्थ, वजन २ किग्रॅ भरल्यास हेक्टरी २० टन ओला पाला होतो. त्यात कोरडा अंश २० टक्के धरल्यास ४ टन, आणि कोरड्या अंशात नत्र २.५ टक्के धरल्यास १०० किग्रॅ नत्र येतो. यापैकी साधारणतः एक तृतीयांश ते निम्मा भाग, म्हणजे ३३ ते ५० किग्रॅ, लगेचच्या पिकास मिळतो. हे प्रमाण सुमारे ७० ते ११० किग्रॅ युरियातील नत्राएवढे आहे. उरलेला नत्र जमिनीतील सेंद्रिय पदार्थांत राहून पुढील हंगामांत हळूहळू मुक्त होतो.

कोबीसारख्या अधिक नत्र लागणाऱ्या पिकाची गरज हेक्टरी १५० किग्रॅ धरल्यास वरील उदाहरणात तिचा जेमतेम एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग भागतो. उरलेली गरज शेणखत, कंपोस्ट किंवा रासायनिक खतांतून भागवावी लागते. वाटाणा, गवार यांसारख्या शेंगभाज्यांपूर्वी अशा पिकाचा नत्रासाठी विशेष लाभ होत नाही.

== मर्यादा ==

हिरवळीच्या पिकासाठी जमीन काही आठवडे उत्पन्नाविना ठेवावी लागते, तसेच बियाणे, पाणी आणि नांगरणी यांचा खर्च येतो. अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी ही मोठी अडचण ठरते. पावसाच्या भरवशावरील शेतात हिरवळीचे पीक जमिनीतील ओल वापरून पुढील पिकास ती कमी पाडू शकते. यावर पर्याय म्हणून महाराष्ट्रात बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला शेतात आणून गाडतात. यात मुख्य पिकाची जागा अडत नाही. या पद्धतीस हिरव्या पानांचे खत असे म्हटले जाते.