पर्जन्यछायेंतील बागाईत

भोर तालुक्याच्या पूर्व अंगास भोंगवली हें गांव आहे. ज्येष्ठ-आषाढांत या बाजूनें पश्चिमेकडे पाहिलें, तर सह्याद्रीचे माथे मेघांत बुडालेले असतात. तिकडे भाताच्या खाचरांत पाणी तुंबलेलें असतें. इकडे मात्र बाजरीचें बीं घरांत तयार ठेवून शेतकरी आभाळाकडे पाहात थांबलेला असतो. एकाच तालुक्यांत एवढा भेद कां पडावा, आणि अशा प्रदेशांत बागाईत उभी राहिली ती कशाच्या बळावर, हा प्रश्न केवळ हवामानशास्त्राचा नाहीं. तो इतिहासाचाही आहे.

शास्त्राचा भाग थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. नैर्ऋत्येकडून समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीवर आदळून वर चढतो, थंड होतो आणि आपल्या जवळचें बहुतेक पाणी डोंगरांवरच सांडतो. घाट ओलांडून तोच वारा पूर्वेस उतरूं लागला म्हणजे तापतो व कोरडा होतो. महाबळेश्वरास वर्षाकाठीं दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पायथ्याच्या वाईस त्याचा पांचवा हिस्साही पडत नाहीं. पुण्याची सरासरी तीस इंचांच्या आसपास आहे. डोंगराच्या पाठीमागील या पट्ट्यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, आणि भोरची पूर्व बाजू त्याच छायेंत येते.

या छायेंत राहणाऱ्या माणसानें वर्षाचें मोजमाप नक्षत्रांनीं केलें. रोहिणींत वळवाच्या सरी, मृगांत पेरणी, पुनर्वसूचा 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा' पाऊस, आणि शेवटीं हस्ताचा, म्हणजे 'हत्तीचा' पाऊस, ज्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरावयाची. प्रत्येक नक्षत्राचें वाहन पंचांगांत पाहावयाचें. बेडूक किंवा म्हैस निघाली तर आनंद, गाढव निघालें तर चिंता. मात्र या गणितास एक सूक्ष्म फट आहे. नक्षत्रें ताऱ्यांवर बांधलेलीं आहेत, ऋतु सूर्याच्या उत्तर-दक्षिण गतीवर. दोहोंत सुमारें साठ-सत्तर वर्षांनीं एक दिवसाचें अंतर पडतें. आज ७ किंवा ८ जूनला लागणारा मृग शिवकालीं, आजच्याच दिनांकांच्या मापानें, पांच-सहा दिवस आधीं लागत असे. पाऊस आपल्या जागीं आहे. मृगच हळूहळू पुढें सरकत आला आहे.

शेताला पाऊस पुरतो. बागेला तो पुरत नाहीं. बाजरी तीन-साडेतीन महिन्यांत घरीं येते, पण फळझाडास बाराही महिने जगावें लागतें. परसांतील दोडका, कारलें, पडवळ यांचे वेल मृगांत मांडवावर चढवितां येतात. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढते. दसऱ्यासाठीं झेंडू लावतां येतो. आंबा, डाळिंब, अंजीर यांस मात्र माघ-फाल्गुनानंतर पाणी कोठून द्यावें, हाच खरा प्रश्न. येथील माळ्यांनीं त्याचें उत्तर 'बहार' धरण्याच्या कलेंत शोधलें. झाडाचें पाणी मुद्दाम तोडून त्याला ताण द्यावयाचा, पानें झडूं द्यावयाचीं, आणि मग पाणी देऊन एकाच वेळीं फुलोरा आणावयाचा. मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार असे वर्षाचे तीन बहार. ज्याच्या विहिरीस उन्हाळ्यांत तळ लागतो, तो मृग बहार धरतो. कारण त्यास चैत्र-वैशाखांत नाहीं तरी पाणी नसतेंच, आणि पुढील पाणी मेघ देतात. ज्याची विहीर ज्येष्ठापर्यंत टिकते, त्यालाच आंबे बहाराची चैन परवडते. शेजारच्या पुरंदरांत अंजिराचे 'खट्टा' आणि 'मीठा' असे दोन बहार आहेत. पहिला पावसाळी ओलींतला, म्हणून कमी गोडीचा. दुसरा उन्हाळ्याच्या तोंडीं पिकणारा व म्हणून गोड. याच पुरंदरी अंजिरास २०१६ मध्यें भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. तात्पर्य, बहाराची निवड माळी करतो असें दिसत असलें, तरी ती त्याची विहीर करीत असते.

परंतु विहीर खणावयाची आणि झाड लावावयाचें, तर दहा-वीस वर्षें पुढचा भरवसा लागतो. तो भरवसा निसर्ग देत नाहीं, राज्यव्यवस्था देते. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनेंत घोर दुष्काळ पडला. त्याच सुमारास विजापूरच्या फौजेनें पुणें उद्ध्वस्त केलें होतें. गांवें ओस पडलीं, जमिनींत रान माजलें. पुढें शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या दादोजी कोंडदेवानें हा मुलूख पुन्हां वसविला. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास आरंभीं नाममात्र सारा, आणि मग दरवर्षीं थोडा-थोडा चढता, अशी सवलत देण्याची रीत महाराष्ट्रांत 'इस्तावा' या नांवानें प्रसिद्ध आहे. कात्रजच्या घाटाखालीं, भोंगवलीच्या उत्तरेस असलेल्या शिवापुरास त्यानें आमराई लावली असें बखरी सांगतात. त्या आमराईतला एक आंबा अनवधानानें तोडला, म्हणून दादोजी स्वतःचा हात तोडावयास निघाला, आणि लोकांनीं आवरल्यावर अंगरख्याची एक बाही आंखूड करून वागूं लागला, ही कथाही बखरकारांचीच. ती अक्षरशः घडली कीं नाहीं, याला फारसें महत्त्व नाहीं. लावलेल्या झाडाचें फळ अधिकाऱ्यानेंही मनास येईल तसें तोडूं नये, ही अपेक्षा त्या मुलखांतील लोकांच्या मनांत किती खोल रुजली होती, हें तिच्यावरून कळतें.

हीच अपेक्षा पुढें राजनीतीच्या ग्रंथांत नियमरूपानें आलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचें. आरमारासाठीं लांकूड कसें मिळवावें हें सांगतांना त्यांत बजावलें आहे कीं, रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये. हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, लोक तीं लेंकरांप्रमाणें वाढवितात. एखादें झाड जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून, त्यास मोल देऊनच तें तोडावें. राज्याची गरज आणि परसांतलें झाड यांच्या वादांत झाडाच्या धन्याचा शब्द मानावा, असें सांगणारी ही आज्ञा कोरडवाहू मुलखांतील बागाइतीचा खरा आधार होती.

झाडाचा प्रश्न अशा रीतीनें सुटला, पाण्याचा राहिला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन पुन्हां होरपळली. त्या काळांतच दुष्काळी काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खणती सुरू झाली, आणि १८८५ च्या सुमारास त्यांतून पाणी वाहूं लागलें. कालव्यास बारमाही पाणी मिळावें म्हणून नीरेस मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर, भोरजवळ भाटघर येथें धरण बांधण्यांत आलें. पुढें त्या जागीं १९२७-२८ च्या सुमारास त्याहून मोठें लॉइड धरण पुरें झालें. सुमारें साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी सांठविणाऱ्या या जलाशयास पुढें येसाजी कंक यांचें नांव देण्यांत आलें. सह्याद्रीवर चार महिन्यांत सांडणारें पाणी वर्षभर वांटतां येऊं लागलें, ही गोष्ट सामान्य नव्हे.

या पाण्यानें बाग फुलली. पण ती पाऊस झेलणाऱ्या खोऱ्यांत फुलली नाहीं. डावा कालवा बारामती-इंदापुराकडे गेला, उजवा फलटण-माळशिरसाकडे. वेळवंडीच्या कांठची काळी जमीन मात्र पाण्याखालीं गेली. कांबरें गांवाजवळील जुनें शिवमंदिर वर्षांतील बहुतेक काळ जलाशयांत बुडालेलें असतें. ग्रीष्माच्या अखेरीस, खालच्या उंसानें पाणी प्यावें आणि जलाशय ओसरावा, तेव्हां तें वर येतें. पुरंदरांतील सासवडचे माळी तर पाण्याच्या मागोमाग गाशा गुंडाळून कालव्यांच्या मुलखांत गेले. त्यांनींच १९३२ मध्यें माळशिरस भागांत सासवड माळी साखर कारखान्याची स्थापना केली, आणि त्या वसाहतीस माळीनगर हें नांव पडलें. त्यांच्या उद्यमाचें कौतुक करावें तितकें थोडें. पण कारखान्याच्या नांवांत आजही सासवड आहे, आणि पिढ्यान्पिढ्या बहार धरणाऱ्या हातांस आपलें गांव कां सोडावें लागलें, हा प्रश्नही त्या नांवांतच आहे.

पावसाचें भाकित करण्याची विद्या मध्यंतरीं पुष्कळ पुढें गेली. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ मध्यें निघालें. त्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीं दूरच्या महासागरांवरील हवेच्या दाबाचा आपल्या मोसमी पावसाशीं असलेला संबंध शोधून काढला. १९२८ मध्यें खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें, आणि १९३२ मध्यें तेथेंच शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. आतां पंचांगांतील वाहनाऐवजीं उपग्रहाचें चित्र पाहतां येतें. पण पाऊस केव्हां येईल हें सांगणारी विद्या आलेलें पाणी कोणाच्या पाटांत जाईल हें सांगत नाहीं. तें माणसांनींच ठरवावयाचें असतें. कानंदी नदीवरील गुंजवणी धरणाचें पाणी वेल्हें, भोर आणि पुरंदर या तिन्ही तालुक्यांसाठीं योजिलेलें आहे. डोंगराचें पाणी डोंगराच्याच छायेंत राहावें, असा विचार या योजनेंत तरी दिसतो.

पूर्व भोरांतील शेतकऱ्यास अजूनही मृगाची वाट पाहावी लागते. विहिरीचा तळ पाहून तो बहार ठरवितो, आणि पहिले दोन चांगले पाऊस पडून जमीन खोलवर भिजली म्हणजे बांधावर आंब्याचें रोप लावतो. त्या रोपास फळ धरावयास निदान पांच-सात वर्षें जावयाचीं. तेवढीं वर्षें त्याला पाणी मिळेल आणि झाड आपलेंच राहील, एवढा भरवसा असला, तर पर्जन्यछायेंतही बाग उभी राहते. तीन शतकांचा अनुभव याहून वेगळें कांहीं सांगत नाहीं.