अंतर मैलांचें कीं तासांचें?

दोन गांवांमधील अंतर आपण मैलांत सांगतों; परंतु प्रवासास निघालेला मनुष्य आधीं विचारतो तें हें, कीं पोंचावयास वेळ किती लागेल? हीं दोन मापें वेगळीं पडलीं म्हणजे काय होतें, हें अलास्कांतील नेनाना आणि नोम या दोन गांवांच्या इतिहासांत उत्तम प्रकारें दिसून येतें.

नोम हें बेरिंग समुद्राच्या कांठीं सोन्याच्या लोभानें वसलेलें आणि सोनें सरतांच ओसरलेलें गांव. उन्हाळ्यांत तेथें आगबोटी येत. हिवाळ्यांत समुद्र गोठला कीं बाहेरच्या जगाशीं संबंध उरे तो कुत्र्यांच्या घसरगाड्यांपुरताच. आगगाडीचें स्थानक असलेल्या नेनानाहून तेथवरचा बर्फावरील मार्ग ६७४ मैलांचा. टपालास तो कापण्यास सुमारें २५ दिवस लागत.

२१ फेब्रुवारी १९२४ रोजीं कार्ल बेन आयेलसन या वैमानिकानें त्याच मुलखांत फेअरबँक्सहून मॅकग्रा येथें विमानानें टपाल नेलें. घसरगाडीचा अठरा-वीस दिवसांचा हा प्रवास तीन तासांच्या आंत उरकला. उत्तरेचें दूरत्व आतां संपलें, असें त्या दिवशीं कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु वर्ष उलटतें न उलटतें तोंच, जानेवारी १९२५ मध्यें, नोम येथें घटसर्पाची सांथ उद्भवली. मुलें दगावूं लागलीं. गांवांतील एकमेव डॉक्टर कर्टिस वेल्श यांच्याजवळचें प्रतिविष मुदत उलटलेलें होतें. अँकरेजच्या रुग्णालयांत ३ लक्ष युनिटें प्रतिविष सांपडलें, व तें आगगाडीनें नेनानास आणावयाचें ठरलें. तेथून पुढें काय? विमानानें न्यावें, असा आग्रह पुष्कळांनीं धरला. पण फेअरबँक्स येथील विमानें उघड्या बैठकीचीं, हिवाळ्यासाठीं सुटीं करून ठेवलेलीं. दिवसाचा उजेड थोडका आणि थंडी शून्याखालीं ४० अंशांहूनहि अधिक. विमान कोसळतें, तर हातचें औषधहि जातें. गव्हर्नर स्कॉट बोन यांनीं कुत्र्यांच्या बाजूनें कौल दिला.

२७ जानेवारीच्या रात्रीं औषधाचें पुडकें नेनानाहून निघालें. वीस गाडीवान आणि सुमारें १५० कुत्रीं यांच्या हातोहातीं तें पुढें सरकलें. त्यांतील कित्येक गाडीवान तेथील मूळ रहिवासी होते. लेओनार्ड सेप्पाला हा तर नोमहून सुमारें १७० मैल औषधास सामोरा आला, आणि टोगो या म्हाताऱ्या कुत्र्याच्या भरंवशावर त्यानें नॉर्टन आखातावरील फुटावयास आलेलें बर्फ ओलांडलें. २ फेब्रुवारीच्या पहांटे गुन्नार कासन याची, बाल्टोच्या पुढारपणाखालील गाडी नोमला पोंचली. पंचवीस दिवसांची वाट साडेएकशेंसत्तावीस तासांत संपली होती! औषध गोठलें होतें, पण निकामी झालें नव्हतें. सांथ आटोक्यांत आली.

त्याच वर्षाच्या अखेरीस बाल्टोचा पुतळा न्यूयॉर्कमध्यें उभा राहिला. बहुतेक गाडीवानांचीं नांवें मात्र मागें पडलीं.

आज अँकरेजहून नोमला जेट विमान सुमारें दीड तासांत पोंचतें. म्हणून त्या वेळचा निर्णय मागासलेपणाचा ठरत नाहीं. वेगाचा तास आणि भरंवशाचा तास हे दोन निराळे. १९२४ सालीं विमानानें पहिला दाखविला. पण रोग्याच्या उशाशीं बसलेलीं माणसें दुसऱ्याचीच वाट पाहत असतात, आणि १९२५ सालीं तो कुत्र्यांपाशींच होता.