स्वतःच्याच रक्ताचे औषध : चंडीगडच्या एका चाचणीचा इतिहास

गुडघेदुखीने बेजार झालेल्या ज्येष्ठांच्या कानांवर अलीकडे ‘पीआरपी’ ही तीन अक्षरे वारंवार पडतात. रुग्णाच्या हातातून रक्त काढायचे, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, त्यातला बिंबिकांनी समृद्ध असा पिवळसर द्रव वेगळा करायचा आणि तोच त्याच्या सांध्यात टोचायचा, असा हा उपचार. शस्त्रक्रिया टळते आणि द्रव स्वतःच्याच शरीरातला असतो, म्हणून विश्वासही चटकन बसतो. खर्च मात्र हजारांत असतो आणि तो बहुधा निवृत्तीच्या पुंजीतून होतो. त्यामुळे हा विश्वास कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. त्या पुराव्याच्या इतिहासात चंडीगडला मानाचे स्थान आहे.

बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, हा शब्द आपल्याकडे डेंग्यूच्या साथींनी घरोघरी पोहोचवला. रक्त गोठण्यातील त्यांचे कार्य इटालियन शास्त्रज्ञ जुलिओ बित्सोत्सेरो यांनी १८८२ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर दीर्घकाळ बिंबिकांची ओळख जखमेचे तोंड बुजवणारे कण इतकीच राहिली. १९७४ मध्ये अमेरिकेत रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहिणीच्या भित्तिकेतील स्नायुपेशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या. बिंबिकांसह गोठलेल्या रक्ताच्या द्रवात त्या पेशी जोमाने वाढल्या. बिंबिका वगळलेल्या द्रवात ती वाढ दिसली नाही. बिंबिका फुटताना पेशींना वाढीचा संदेश देणारी प्रथिने बाहेर सोडतात, हे यातून पुढे आले. या प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. पीआरपीमागची सारी कल्पना या एका निरीक्षणातून उगवली आहे.

बिंबिका वेगळ्या करण्याचे तंत्र मात्र निखळ भौतिकशास्त्राचे आहे. तांबड्या पेशी मोठ्या आणि अधिक घनतेच्या असतात. बिंबिका दोन-तीन मायक्रोमीटरच्या आणि तुलनेने हलक्या. नळी वेगाने फिरवली की तांबड्या पेशी आधी तळाशी जातात आणि बिंबिका वरच्या द्रवात रेंगाळतात. दुग्धालयात दुधातून साय वेगळी काढणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. येथे निर्णायक ठरते ते त्वरण, आणि ते फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गावर तसेच फिरण्याच्या त्रिज्येवर अवलंबून असते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या यंत्राची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर त्वरण गुरुत्वाच्या सुमारे १००० पट होते. १५ सेंटिमीटर असेल तर सुमारे १५०० पट. म्हणजे केवळ फेऱ्यांचा आकडा सांगितला, तर हाती आलेला द्रव कसा आहे याचा बोध होत नाही. कोणत्याही प्रयोगाच्या नोंदीत त्रिज्या गाळली, तर तो प्रयोग दुसऱ्याला तंतोतंत करून पाहता येत नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्यातील हाडाच्या रोपणाला बिंबिकासमृद्ध द्रवाची जोड दिली आणि हाड अधिक लवकर परिपक्व झाल्याचे नोंदवले. अस्थिरोगाच्या क्षेत्रात २००६ मध्ये मिश्रा आणि पावेल्को यांचा कोपराच्या जुनाट दुखण्यावरील अभ्यास गाजला. त्यात पीआरपी घेणारे रुग्ण १५ होते आणि तुलनेसाठी निवडलेले केवळ ५. तरीही उत्साहाला उधाण आले. २००९ च्या प्रारंभी पिट्सबर्ग संघाचा अमेरिकन फुटबॉलपटू हाइन्स वॉर्ड याने सुपर बोलपूर्वी हा उपचार घेतल्याची बातमी झळकली आणि पीआरपी क्रीडापानांवर आले. पुरावा अजून बाल्यावस्थेत होता. मागणी मात्र तारुण्यात आली होती.

पहिला मोठा धक्का २०१० मध्ये बसला. नेदरलँड्समधील संशोधकांनी टाचेच्या वरच्या कंडरेचे जुनाट दुखणे असलेल्या ५४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पीआरपी, दुसऱ्याला सलाईन, आणि दोघांनाही व्यायाम. २४ आठवड्यांनंतर दोन्ही गट सुधारले होते आणि त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. दुखणे काळानुसार कमी-जास्त होते. माणूस बहुधा ते शिगेला पोहोचल्यावरच डॉक्टरांकडे जातो. आणि उपचाराची अपेक्षा स्वतःच वेदना काहीशी हलकी करते. म्हणून ‘इंजेक्शननंतर बरे वाटले’ हे विधान प्रामाणिक असूनही पुरावा ठरत नाही. सलाईन घेतलेल्या गटापेक्षा अधिक बरे वाटले काय, हाच कसोटीचा प्रश्न असतो.

गुडघ्याच्या झिजेबाबत हा प्रश्न काटेकोरपणे विचारणाऱ्या आरंभीच्या चाचण्यांपैकी एक चंडीगडच्या सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘पीजीआय’मध्ये पार पडली. संदीप पटेल, मनदीप सिंग धिल्लों आणि सहकाऱ्यांनी ती २०१३ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही गुडघे झिजलेल्या ७८ रुग्णांचे तीन गट केले गेले : एकाला पीआरपीचे एक इंजेक्शन, दुसऱ्याला तीन आठवड्यांच्या अंतराने दोन, तिसऱ्याला सलाईन. पीआरपीतून पांढऱ्या पेशी गाळून काढल्या होत्या आणि बिंबिकांचे प्रमाण मूळ रक्ताच्या तिप्पट होते. दोन-तीन आठवड्यांत पीआरपीच्या दोन्ही गटांना आराम पडू लागला. सलाईनच्या गटाला तो लाभला नाही. एक इंजेक्शन आणि दोन इंजेक्शने यांत फरक आढळला नाही. सहा महिन्यांच्या तपासणीत लाभ किंचित ओसरू लागल्याचेही संशोधकांनी नोंदवले. चाचणी लहान होती आणि कालावधी थोडा; परंतु तिची मांडणी योग्य होती.

चंडीगडच्या सेक्टरांचा क्रम पुढे मोहालीत चालू राहतो. तेथील सेक्टर ६७ मध्ये राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे ‘नायपर’ आहे; १९९८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. औषधनिर्माणशास्त्राची पहिली शिस्त अशी की, गोळीत घटक कोणता आणि किती मिलिग्रॅम, हे वेष्टनावर लिहिलेले असावे. ही शिस्त पीआरपीला लावून पाहू. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख बिंबिका असतात. दोघांच्याही रक्ताचे ‘तिप्पट’ पीआरपी केले आणि ८ मिलिलिटर टोचले, तर एकाच्या गुडघ्यात ३६० कोटी बिंबिका जातील आणि दुसऱ्याच्या १०८० कोटी. नाव एक, आकारमान एक, मात्रा मात्र तिपटीने वेगळी. पीआरपी हे पदार्थाचे नाव नसून कृतीचे नाव आहे, ही या उपचाराची मूळ अडचण होय.

२०२१ मध्ये ती ठळकपणे समोर आली. ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने दिली गेली. वर्षभरानंतर ० ते १० च्या मापावर वेदना पीआरपी गटात २.१ ने आणि सलाईन गटात १.८ ने कमी झाली. कूर्चेची झीजही दोन्हींकडे जवळपास सारखीच होती. त्याच वर्षी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या १५० रुग्णांच्या भारतीय अभ्यासाने प्रत्येकी सुमारे १००० कोटी बिंबिकांची मात्रा मोजून दिली आणि हायलुरोनिक आम्लाच्या इंजेक्शनच्या तुलनेत वर्षभर टिकणारा लाभ नोंदवला. ऑस्ट्रेलियन चाचणीत बिंबिकांचे प्रमाण अपुरे होते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. तो रास्त ठरू शकेल. पण मग बाजारात मात्रा न मोजता दिल्या जाणाऱ्या प्रत्येक इंजेक्शनलाही तोच आक्षेप लागू होतो. भारतीय अभ्यासात तुलनेला सलाईन नव्हते, हेही विसरता कामा नये.

मार्गदर्शक संस्थांचे एकमत नाही, त्याचे कारणही येथेच आहे. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, तयार करण्याच्या पद्धतींतील विविधता आणि प्रमाणीकरणाचा अभाव दाखवून, गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी न देण्याची ठाम शिफारस केली. तेथीलच अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२१ मध्ये वेदना कमी होण्याची शक्यता मान्य केली. मात्र पुरावा मर्यादित असल्याचे नमूद केले.

चंडीगडच्या संशोधकांनी तुलनेला सलाईन ठेवले आणि बिंबिकांचे प्रमाण प्रसिद्ध केले, म्हणून त्यांचे काम इतरांना पडताळता येते. तीच अपेक्षा दवाखान्याकडूनही ठेवता येईल. झीज कोणत्या टप्प्यावर आहे, तयार द्रवात बिंबिका मोजणार काय, त्यात पांढऱ्या पेशी आहेत की गाळल्या आहेत, आणि व्यायाम व वजन यांची काळजी आधी पुरेशी घेऊन झाली आहे काय, हे चार प्रश्न रुग्णाने वा त्याच्या मुलाबाळांनी पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. मोजलेला आकडा केसपेपरवर लिहून घ्यावा. पुढे गुण आला वा न आला, तरी तो कशाचा होता हे त्या नोंदीशिवाय सांगता येणार नाही.