पंगत

पंगत : एका ओळीत बसून, एकाच वेळी, एकसारखे वाढलेले अन्न जेवण्याची महाराष्ट्रातील प्रथा. पान वाढण्यापासून जेवून उठण्यापर्यंत तिचे दंडक ठरलेले आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्यात, विशेषतः शिर्डीत, तिचे सार्वजनिक रूप रोज पाहायला मिळते.

मांडणी : पाटापुढे ताट किंवा पान ठेवून भोवती रांगोळी काढतात. केळीच्या पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे येते. प्रथम वरच्या कडेला मधोमध मीठ वाढतात. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद, तीवर वरण आणि तूप. चवीपुरते तोंडी लावायचे ते डावीकडे, पोटभर खायचे ते उजव्या हाताशी, अशी ही सोय आहे.

शिष्टाचार : सर्वांच्या भातावर तूप पडून श्लोक झाल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नाहीत. यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत पंगतीतून फिरतो. शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही. एकाला तूप जास्त, दुसऱ्याला कमी असे वाढणे म्हणजे पंक्तिप्रपंच. यजमानाच्या हातून घडणारा हा सर्वांत मोठा दोष. मात्र ही समता शतकानुशतके जातीच्या सीमेपाशी थांबत असे. पंगतीच वेगळ्या बसत. विसाव्या शतकातील सहभोजनांनी या अन्यायाला थेट आव्हान दिले. रत्नागिरीत 1931 साली उघडलेले पतितपावन मंदिर अशा सहभोजनांसाठी प्रसिद्ध झाले.

राहाता परिसर : शिर्डीचे संत साईबाबा (निधन 1918) मोठ्या हंडीत स्वतः अन्न शिजवून लोकांना वाढत. दुपारच्या आरतीनंतर मशिदीत त्यांच्या दोन्ही बाजूंना भक्तांच्या पंगती बसत, असे वर्णन गो. र. दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ग्रंथात आहे. गोदाकाठच्या सराला बेटाच्या हरिनाम सप्ताहात गावोगावच्या घरांतून आलेल्या भाकरी आणि मोठ्या कढयांतील आमटी हाच महाप्रसाद असतो. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात पाटांऐवजी लांब टेबले आणि पानांऐवजी स्टीलची ताटे आली. 2009 पासून तेथे सौरऊर्जेच्या वाफेवरही स्वयंपाक होतो. तरी ओळीने बसणे आणि सर्वांना तेच वाढणे कायम आहे. पंगतीचे मोल पानाच्या सजावटीहून या समान वाढपात अधिक आहे.