कुष्ठरोगाचा जिवाणू : ओळख पटण्याची दीडशे वर्षे

दर वर्षी ३० जानेवारीला अनेक शाळांमध्ये कुष्ठरोगाविषयी प्रतिज्ञा म्हटली जाते. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, रुग्णाला दूर लोटू नये, असे मुले एका सुरात म्हणतात. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारू शकेल, "सर, रुग्ण बरा झाला हे कशावरून ओळखायचे?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे खात्रीचे उत्तर मिळायला विज्ञानाला फार काळ लागला. तो का लागला, हे आपण पाहू.

अमरावतीला तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ साली तेथे जगदंबा कुष्ठनिवास सुरू केला. त्याच जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय त्याच्या आधीपासून होते. तपोवन सुरू झाले तेव्हा सल्फोन गटातील औषधे नुकतीच येऊ लागली होती. पुढे डॅप्सोनच्या गोळ्यांनी रुग्ण बरे होऊ लागले, पण घरी परत जाणे बहुतेकांच्या नशिबी नव्हते. म्हणून दाजीसाहेबांनी त्यांच्यासाठी उद्योग उभे केले आणि तपोवन हेच त्यांचे गाव झाले. गावकऱ्यांच्या भीतीचे सगळे खापर प्रयोगशाळेवर फोडता येणार नाही. तरीही "हा माणूस आता निर्धोक आहे" असे पुराव्यानिशी सांगणे त्या काळी आम्हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना जमत नव्हते, ही गोष्ट खरी आहे.

एरवी आम्ही काय करतो? जखमेतला पू किंवा रुग्णाची थुंकी घेतो आणि पेट्री डिशमध्ये पोषक माध्यमावर पसरतो. जिवंत जिवाणू असतील तर त्यांची वाढ होऊन ठिपके दिसू लागतात. ते कोणते आहेत, कोणत्या औषधाने मरतात, हे मग तपासता येते. क्षयासारख्या चिवट रोगातही हीच रीत उपयोगी पडते, फक्त काही आठवडे वाट पाहावी लागते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जिवाणू अशाच प्रकारे वाढवून दाखवला होता.

कुष्ठरोगाचा जिवाणू मात्र त्याच्याही नऊ वर्षे आधी दिसला होता. नॉर्वेतील बर्गेन शहरात आरमाउर हान्सेन यांना १८७३ साली रुग्णांच्या गाठींमध्ये काडीसारखे सूक्ष्म जीव आढळले. हा रोग आनुवंशिक आहे, असे तेव्हा तेथील मोठमोठे डॉक्टर मानत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम केलेले हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी त्याच सुमारास नॉर्वेला जाऊन तेथील व्यवस्था पाहिली आणि हिंदुस्थानच्या संदर्भात तिच्यावर अहवाल लिहिला.

हान्सेन यांना जिवाणू दिसला, पण बशीत वाढेना. रोग त्याच्यामुळेच होतो हे सिद्ध करण्याच्या ईर्ष्येपोटी त्यांनी १८७९ साली एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिची संमती त्यांनी घेतली नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली रुग्णालयातील पद त्यांना गमवावे लागले.

याच्या नेमकी उलट गोष्ट आपल्या विदर्भातल्या माणसाची आहे. बाबा आमटे १९४९ साली कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यासाठी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले होते. जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाही हे कळल्यावर प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचे शरीर देऊ केले. जिवाणू टोचले गेले, पण रोग झाला नाही. बहुतेक माणसांमध्ये या जिवाणूला रोखण्याची शक्ती उपजतच असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्येही प्रयत्न झाले. बापट, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जिवाणू वाढवल्याचे १९५८ साली जाहीर केले. हा जिवाणू बशीत वाढत होता, पण तो हान्सेन यांचाच का? पुढच्या अभ्यासातून तो मायकोबॅक्टेरियम एव्हियमच्या गटातला, म्हणजे फार तर चुलतभाऊ असावा, असे दिसले. मेहनत मात्र वाया गेली नाही. त्याच्यापासून केलेल्या लशीने दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले.

खरा जिवाणू वाढला तो उंदराच्या पायात. अमेरिकेतील चार्ल्स शेपर्ड यांनी १९६० साली दाखवले, की उंदराच्या तळपायात थोडे जिवाणू टोचले तर काही महिन्यांनी त्यांची संख्या लाखांवर जाते. तळपायच का? कारण तो शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असतो. माणसातही हा रोग नाक, कान, हात, पाय अशा थंड भागांवर अधिक दिसतो. १९७१ साली आर्माडिलो या थंड शरीराच्या प्राण्यातही तो वाढला.

उंदराने एक मोठा प्रश्न सोडवला. सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेला जिवाणू दिसला तरी तो जिवंत की मेलेला, हे खात्रीने सांगता येत नाही. उपचारानंतर मेलेले जिवाणू त्वचेत कित्येक वर्षे पडून राहतात. तेच उंदराच्या पायात टोचले तर मेलेले वाढणार नाहीत. या कसोटीमुळे कळले, की रिफाम्पिसिन घेतल्यावर काही दिवसांतच रुग्णाचे जिवाणू वाढेनासे होतात. डॅप्सोनला न जुमानणारे जिवाणूही याच रीतीने ओळखले गेले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ साली अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. तरी एका तपासणीला सहा महिने आणि अधिक काळ! हा जिवाणू दुप्पट व्हायलाच सुमारे तेरा दिवस घेतो. आपल्या आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो.

तो बशीत का वाढत नाही, याचे उत्तर २००१ साली मिळाले. तमिळनाडूतील एका रुग्णापासून मिळवून आर्माडिलोत वाढवलेल्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच तेव्हा वाचून झाला. क्षयाच्या जिवाणूत सुमारे ४,००० जनुके आहेत. येथे काम करणारी जेमतेम १,६०० निघाली आणि १,१०० च्या वर मोडकी, निकामी जनुके सापडली. आपल्या पेशींत बसून आयते खाता खाता हा जिवाणू स्वतःचा स्वयंपाक विसरला आहे. बशीतले अन्न त्याला पुरणार कसे? आजतागायत तो कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही.

आता वाढवण्याऐवजी त्याची खूण शोधता येते. पीसीआर या पद्धतीने डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काही तासांत करता येतात. या जिवाणूत एक तुकडा तीसहून अधिक वेळा आलेला आहे. तो शोधला की जिवाणू थोडे असले तरी सापडतात. मात्र डीएनए मेल्यानंतरही टिकतो. आरएनए लवकर नष्ट होतो, म्हणून तो सापडला तर जिवाणू जिवंत असावा. उंदराला महिने लागत, ते काम असे थोड्या वेळात होऊ लागले आहे.

कायद्याला मात्र विज्ञानाच्या मागून यायला बराच वेळ लागला. रुग्णांना वेगळे ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला आणि घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ साली वगळला गेला. रोगही संपलेला नाही. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला काय सांगावे? सहा किंवा बारा महिन्यांचे औषध पूर्ण केलेला माणूस बरा झालेला असतो, आणि संसर्गाचा धोका तर औषध सुरू झाल्यावर लवकरच संपतो. वाकडी बोटे म्हणजे शिल्लक राहिलेला रोग नव्हे. ती नसांना आधीच झालेल्या इजेची खूण आहे. अमरावती-अकोल्याच्या आपल्या वर्गात एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर गाजावाजा न करता त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. इजा होण्याआधी उपचार मिळाले तर बोटे वाकडी होणेही टळते. तपोवनातील माणसांच्या वाट्याला ही संधी आली नव्हती.